टेंभी नाक्याचा पत्ता : व्यापारी लेटरहेडच्या मांडणीचा इतिहास आणि त्याचे साधनमूल्य

प्रास्ताविक

व्यापारी पेढीचे पत्र अभ्यासकाच्या हाती आले, की प्रथम वाचला जातो तो त्यातील मजकूर. मालाचा भाव, उधारीची मुदत, तक्रार, तगादा इत्यादी गोष्टींच्या नोंदी केल्या जातात आणि पत्राच्या माथ्यावरील छापील पट्टी मात्र केवळ नाव-पत्ता म्हणून सोडून दिली जाते. व्यवहारात 'लेटरहेड' या नावानेच ओळखला जाणारा हा छापील कागद कोणी, कोणत्या क्रमाने, कोणत्या लिपीत आणि कोणाच्या सांगण्यावरून मांडला, हा प्रश्न मराठीतील आर्थिक व सामाजिक इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला आहे. वस्तुतः लेटरहेडची मांडणी म्हणजे त्या कागदामागे कोण उभे आहे, याची जाहीर ग्वाही होय. ही ग्वाही देण्याची पद्धत काळानुसार बदलत गेली. प्रथम देवाचे नाव व शिक्का, नंतर पेढीचे नाव व पत्ता आणि अखेरीस सरकारने दिलेले क्रमांक, असा तो प्रवास आहे.

प्रस्तुत निबंधात ठाणे शहरातील टेंभी नाका हा बाजारपेठेचा व वर्दळीचा भाग दृष्टीसमोर ठेवून या प्रवासाचा मागोवा घेतला आहे. निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) छपाईपूर्व मराठी पत्राची मांडणी आणि छापील लेटरहेड यांतील सातत्य व भेद स्पष्ट करणे, (२) टपाल, तार, दूरध्वनी, कंपनीविषयक व करविषयक कायदे यांनी लेटरहेडच्या मांडणीत घडवून आणलेले बदल नोंदविणे, (३) स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून लेटरहेडचे मूल्य व त्याच्या जतनाचा प्रश्न यांचा विचार करणे.

१. टेंभी नाका : एक पत्ता

साष्टी बेटाच्या उत्तर-पूर्व बाजूस, खाडीकाठी वसलेले ठाणे १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि १७७४ च्या अखेरीस मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही प्रवासी आगगाडी धावली आणि मुंबईची घाऊक बाजारपेठ ठाण्याच्या किरकोळ व्यापाऱ्याच्या आवाक्यात आली. जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे कचेऱ्या, न्यायालय, तुरुंग आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेला वकील, अर्जनवीस, कागदविक्रेते व छापखाने यांचा वर्ग या शहरात होताच. १८६६ साली येथून 'अरुणोदय' हे साप्ताहिक निघू लागले. १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे व त्यांचे सहकारी यांनी मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना केली. छापील कागदाशी ठाण्याचा संबंध किती जुना आहे, हे यावरून ध्यानी येते.

टेंभी नाका हा जुन्या ठाण्याच्या पश्चिम भागातील रस्त्यांचा संगम आहे. विठ्ठल सायन्ना यांच्या नावाने ओळखले गेलेले जिल्हा रुग्णालय याच परिसरात उभे राहिले. मुनिसुव्रतस्वामींचे जैन मंदिर येथे आहे. १९७८ पासून आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या नवरात्रोत्सवामुळे या नाक्याचे नाव शहराबाहेरही पोहोचले. परंतु व्यापारी पत्रव्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. 'नाका' हा शब्दच येथे पत्त्याचे काम करतो. इंग्रजी पद्धतीच्या पत्त्यात घरक्रमांक आणि रस्त्याचे नाव प्रथम येते. ठाण्यातील दुकानाचा पत्ता मात्र 'अमुक इमारतीसमोर', 'तमुक मंदिराजवळ', 'टेंभी नाका' असा खुणेच्या आधारे सांगितला जातो. छापील लेटरहेडने ही बोली पद्धत जशीच्या तशी उचलली. त्यामुळे जुन्या लेटरहेडवरील पत्ता हा हरवलेल्या खुणांचा नकाशाही ठरतो. इमारत पडते, तिच्या जागी दुसरी येते. पण 'तिच्या समोर' असलेल्या दुकानाच्या कागदावर पहिल्या इमारतीचे नाव टिकून राहते.

२. छपाईपूर्व पत्राची मांडणी

लेटरहेड ही इंग्रजी राजवटीतून आलेली वस्तू असली, तरी पत्राच्या माथ्याला अर्थ असतो, ही जाणीव मराठी लेखनव्यवहारास नवी नव्हती. मराठेशाहीतील पत्र 'श्री'कारापासून सुरू होई. राजपत्रात माथ्यावर शिक्का उमटविला जाई आणि मजकूर संपताच शेवटी लहान मुद्रा, म्हणजेच मोर्तब, केले जाई. शिक्क्यामुळे पत्र कोणाचे हे कळे आणि मोर्तबामुळे पत्र कोठे संपले हे ठरे. मोर्तबाखाली कोणी काही वाढविले, तर ते पत्राचा भाग मानण्याचे कारण उरत नसे. आजच्या मराठीत रूढ असलेला 'शिक्कामोर्तब' हा शब्द पत्राच्या या दोन टोकांची जोडी आहे.

मोडी लिपीच्या लेखनपद्धतीनेही हाच हेतू साधला जाई. मोडी लिहिणारा कारकून प्रथम ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याचा प्रघात नसल्यामुळे नंतर एखादा शब्द घुसडणे कठीण जाई. कोरी जागा म्हणजे फसवणुकीस वाव, हे कारकुनी शहाणपण या मांडणीमागे होते. मायना, दर्जानुसार बदलणारे आदरार्थी शब्द आणि 'विनंती विशेष' यांसारखे ठरीव शब्दप्रयोग पत्राचा साचा पूर्ण करीत.

व्यापाऱ्याच्या पत्रात राजमुद्रा नसे. तेथे 'श्री', पेढीच्या मालकाचे नाव, गावाचे नाव व मिती यांचा क्रम असे. हुंडी, चोपडी आणि पत्र या तिन्हींत हस्ताक्षर हीच खरी ओळख होती. कोणाच्या पेढीवर कोणता कारकून लिहितो, हे समोरच्या पेढीला ठाऊक असे. पत्र अनोळखी माणसाच्या हाती पडणार आहे, ही गरज निर्माण झाल्यावरच छापील माथ्याला अर्थ प्राप्त झाला. रेल्वे, टपाल आणि लांबवरचा उधारीचा व्यापार यांनी ही गरज निर्माण केली.

३. खिळ्यांची छपाई आणि पेढीच्या नावाचे मध्यवर्ती स्थान

मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये देवनागरी खिळे घडविण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. तेथेच अनुभव घेतलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे स्वतःचा ओतशाळेचा व्यवसाय सुरू केला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. रेखीव देवनागरी अक्षरांसाठी निर्णयसागरचे नाव गाजले. पुस्तके व नियतकालिके छापणारे मोठे छापखाने मुंबई-पुण्यात राहिले. गावोगाव पसरली ती पायाने चालविण्याची लहान ट्रेडल यंत्रे. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, पावतीपुस्तके, बिलबुके आणि लेटरहेड हे या यंत्रांचे नित्याचे काम होते. छापखान्याच्या भाषेत त्याला 'जॉब वर्क' म्हणत.

लेटरहेडची मांडणी दुकानदार आणि जुळारी या दोघांत ठरत असे. जुळाऱ्याच्या पेटीत किती आकाराचे खिळे आहेत, यावर पेढीचे नाव किती मोठे दिसणार, हे अवलंबून राही. इंग्रजीत मोठ्या व लहान लिपीच्या मोजक्या अक्षरांवर काम भागते. देवनागरीस मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांचे वेगवेगळे खिळे लागतात. त्यामुळे मोठ्या, शोभिवंत आकारातील देवनागरी खिळ्यांचा पूर्ण संच बाळगणे लहान छापखान्यास महाग पडे. यावर उपाय म्हणजे चित्रकाराकडून नाव रेखाटून घेऊन त्याचा जस्ताचा ब्लॉक करणे. ब्लॉकचा खर्च न झेपणारा दुकानदार पुष्कळदा इंग्रजी नावाकडे वळे. लेटरहेडवर इंग्रजीचा वरचष्मा का झाला, याची चर्चा करताना प्रतिष्ठेच्या कल्पनेबरोबरच खिळ्यांच्या या अर्थकारणाचाही विचार करणे आवश्यक आहे.

या काळात लेटरहेडचा एक सर्वमान्य साचा तयार झाला. सर्वांत वर मध्यभागी '॥ श्री ॥' किंवा इष्टदेवतेचे नाव. ठाण्याच्या ग्रामदैवताचे, कौपीनेश्वराचे, नाव येथील व्यापाऱ्यास साहजिकच जवळचे. त्याखाली मोठ्या टायपात पेढीचे नाव. त्याखाली एका ओळीत धंद्याचे वर्णन, मग पत्ता आणि एक आडवी रेघ. रेघेखाली डावीकडे जावक क्रमांक व उजवीकडे दिनांक. देव वर, नाव मध्ये आणि माणूस, म्हणजे सही करणारा, तळाशी, असा हा क्रम आहे. जुन्या पत्रातील 'श्री'काराने आपले स्थान राखले. शिक्क्याची जागा मात्र पेढीच्या नावाने घेतली आणि मोर्तबाचे काम सहीखालच्या रबरी शिक्क्याकडे गेले.

पेढीच्या नावाची घडणही लक्षणीय आहे. 'आणि मंडळी', 'आणि कंपनी', 'बंधू', 'आणि सन्स' ही शेपटे म्हणजे भांडवलाच्या मालकीची जाहीर घोषणा होत. 'दामोदर सावळाराम आणि मंडळी' हे मुंबईच्या प्रकाशनसंस्थेचे नाव किंवा १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झालेले 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही याची परिचित उदाहरणे आहेत. एकट्या मालकाचे दुकान असल्यास नावाखाली बारीक टायपात 'प्रो. प्रा.' असे लिहून मालकाचे नाव दिले जाई. 'मंडळी'मागे किती जण आहेत, त्यांपैकी कर्जास जबाबदार कोण, हे मात्र त्या दोन अक्षरांवरून किंवा त्या एका शब्दावरून कळत नसे.

४. तार, टपाल आणि दूरध्वनी

मांडणीतील दुसरा मोठा बदल दळणवळणाच्या साधनांनी घडविला. तारेच्या मजकुरात प्रत्येक शब्दाला पैसे पडत. म्हणून मोठ्या पेढ्या तारखात्याकडे एका शब्दाचा संक्षिप्त पत्ता नोंदवून घेत. लेटरहेडच्या डाव्या कोपऱ्यात 'तार :' आणि उजव्या कोपऱ्यात 'फोन :' ही जोडी त्यामुळे स्थिरावली. परदेशी व्यापार करणाऱ्या पेढ्यांच्या कागदावर याशिवाय कोणती सांकेतिक तारपुस्तके वापरली जातात, हेही छापलेले असे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यानंतर छापलेल्या कागदावर ती ओळ असण्याचे कारण उरले नाही.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा आकडी पिनकोड लागू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील ज्येष्ठ अधिकारी व संस्कृतचे विद्वान होते. सारखी गावनावे, निरनिराळ्या लिप्यांतील पत्ते आणि अपुरे पत्ते यांवर आकड्यांचा उपाय त्यांनी योजला. टेंभी नाक्याच्या दुकानांच्या पत्त्यात 'ठाणे ४०० ६०१' अशी भर पडली. येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ठाण्याच्या क्रमांकाचा आरंभ मुंबईप्रमाणेच ४०० ने होतो. याच जिल्ह्यातील डोंबिवलीचा क्रमांक ४२१ २०१ आणि कल्याणचा ४२१ ३०१ असा आहे. दूरध्वनीच्या बाबतीतही तेच झाले. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमच्या मुंबई विभागात ठाण्याचा समावेश राहिला आणि ठाण्याचा संकेतांक ०२२ ठरला. कल्याण-डोंबिवलीचा मात्र ०२५१. टपाल व दूरध्वनी यांच्या नकाशाने ठाण्याला मुंबईच्या पदरात टाकले आणि कल्याण-डोंबिवलीला बाहेर ठेवले. महानगरपालिका मात्र ठाण्याची वेगळी (१९८२) आणि कल्याणची वेगळी (१९८३) झाली. लेटरहेडवरील सहा आकडे आणि तीन-चार आकडी संकेतांक हे त्या प्रशासकीय सीमांचे दररोज छापले जाणारे पुरावे आहेत.

कागदाचा आकारही याच काळात बदलला. फुलस्केप कागद आणि त्याच्या घड्यांवर आधारलेली जुनी मापे मागे पडून २१० × २९७ मिलिमीटरचा 'ए-४' आकार रूढ झाला. जर्मनीत १९२२ मध्ये प्रमाण ठरलेली ही मापे पुढे आंतरराष्ट्रीय मानक बनली. फुलस्केपवर पेढीच्या नावासाठी ऐसपैस जागा घेता येई. टंकलेखन यंत्राने मात्र डावा समास, ओळींतील अंतर आणि मायन्याची जागा बांधून टाकली. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले आणि पुढे मराठी कळफलकाची यंत्रेही कार्यालयांत दिसू लागली. तेव्हापासून छापील माथा आणि टंकलिखित मजकूर या दोन यंत्रांच्या अक्षरांचा संयोग एकाच कागदावर होऊ लागला.

५. कायदा आणि क्रमांक

लेटरहेडवर काय असावे हे केवळ रिवाजाने ठरले नाही, कायद्यानेही ठरविले. मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना मान्यता देताना इंग्लंडमध्ये १८५५-५६ च्या कायद्यांनी कंपनीच्या नावात 'लिमिटेड' हा शब्द सक्तीचा केला. कंपनी बुडाल्यास भागधारकांच्या घरादारावर हात टाकता येणार नाही, याची सूचना धनकोला आधीच मिळावी, असा यामागे हेतू होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, तेथे आणखी एक कायदा झाला. मालकांच्या नावांहून वेगळ्या नावाने चालणाऱ्या पेढ्यांना आपल्या व्यापारी पत्रांवर भागीदारांची खरी नावे देणे त्याने बंधनकारक केले. नावामागे दडलेला माणूस उघड करणे, हा या कायद्याचा गाभा होता.

भारतात १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४७ नुसार कंपनीचे नाव व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता सर्व व्यापारी पत्रे, बिले व लेटरहेड यांवर सुवाच्य अक्षरांत असणे आवश्यक होते. कंपनीचे नाव नियमानुसार न घालता एखाद्या अधिकाऱ्याने हुंडी, धनादेश किंवा वचनचिठ्ठीवर सही केली, तर ती रक्कम कंपनीने न दिल्यास तो स्वतः देणे लागे. मांडणीतील एका चुकीची किंमत माणसाला स्वतःच्या खिशातून मोजावी लागू शकत होती. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ ने या यादीत कंपनीचा ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि असल्यास फॅक्स, ई-मेल व संकेतस्थळ यांची भर घातली. गेल्या दोन वर्षांत नाव बदलले असल्यास जुने नावही द्यावे लागते.

टेंभी नाक्यावरील बहुतेक दुकाने ही कंपन्या नसून एकट्या मालकाची किंवा भागीदारीची असल्याने हे नियम त्यांना लागू होत नव्हते. त्यांच्या लेटरहेडवर क्रमांक आले ते करकायद्यांतून. १९५६ चा केंद्रीय विक्रीकर कायदा आणि १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा यांच्या नोंदणीचे क्रमांक बिलांवर व लेटरहेडवर दिसू लागले. १ एप्रिल २००५ पासून राज्यात मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. या शेवटच्या कराचा पंधरा स्थानांचा क्रमांक बारकाईने वाचण्यासारखा आहे. पहिले दोन आकडे राज्याचे असून महाराष्ट्रासाठी ते २७ आहेत. पुढील दहा स्थाने म्हणजे आयकर खात्याचा स्थायी खाते क्रमांक. त्या दहांपैकी चौथे अक्षर मालकीचा प्रकार सांगते : 'पी' असल्यास व्यक्ती, 'एफ' असल्यास भागीदारी संस्था, 'सी' असल्यास कंपनी. 'आणि मंडळी' या शब्दाने जे सांगितले नव्हते, ते या एका अक्षराने सांगितले जाते. मात्र ते वाचता येणाऱ्यालाच कळते.

कागदाच्या तळाशी येणाऱ्या ओळींनाही असाच इतिहास आहे. 'चू. भू. द्या. घ्या.', म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी, हे सूत्र चोपडीच्या परंपरेतून छापील बिलावर आले. 'सर्व वाद ठाणे न्यायकक्षेत' ही ओळ मात्र वकिली आहे. एकाहून अधिक न्यायालयांना अधिकार असेल, तर त्यांपैकी एक निवडण्याचा करार वैध ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हकमसिंग विरुद्ध गॅमन या खटल्यात स्पष्ट केले. परगावच्या ग्राहकाने पैसे थकविल्यास त्याच्या गावी खेटे घालावे लागू नयेत, ही लहान व्यापाऱ्याची रास्त चिंता त्या एका ओळीत सामावलेली आहे.

बोधचिन्हावरही कायद्याची मर्यादा आहे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत राष्ट्रीय चिन्हांबरोबर छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आदींची नावे व चित्रे समाविष्ट आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीविना व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही. महाराष्ट्रातील दुकानदारास आपल्या लेटरहेडवर महाराजांचे चित्र घालण्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. ही मर्यादा अनेकांना ठाऊक नसते, म्हणून तिचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो.

६. लिपीचा प्रश्न

लेटरहेडच्या लिपीबाबत एक विसंगती दिसून येते. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमामुळे शासकीय कागदाचा माथा मराठी झाला. दुकानाच्या पाटीसाठीही कायदा आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा करण्यात आली. तीनुसार पाटी देवनागरीत व मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. याउलट त्याच दुकानाच्या लेटरहेडची लिपी कोणती असावी, याबाबत अशी सक्ती नाही. परिणामी पाटी मराठी आणि पत्र इंग्रजी, अशी विभागणी सर्रास दिसते. रस्त्यावरून जाणाऱ्या ग्राहकाशी एका भाषेत आणि बँक, करकचेरी व घाऊक व्यापारी यांच्याशी दुसऱ्या भाषेत बोलण्याची ही सवय आहे. त्यातच करनोंदणीचे क्रमांक रोमन अक्षरांविना लिहिता येत नाहीत. संपूर्ण देवनागरी लेटरहेड म्हणूनच दुर्मीळ ठरते.

तांत्रिक अडचण हे कारण मात्र आता उरलेले नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात व्यावसायिक कलेचे शिक्षण सुरू झाले आणि १९६१ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली. कमल शेडगे यांनी नाटके व नियतकालिके यांच्या शीर्षकांतून देवनागरी अक्षराला व्यक्तिमत्त्व देता येते, हे दाखवून दिले. र. कृ. जोशी यांनी रचलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर संगणकात आला. खिळ्यांच्या पेटीने घातलेली मर्यादा संपली. आता लेटरहेडवर मराठी नसेल, तर ते निवडीचे फलित आहे, असेच म्हणावे लागते.

७. कालनिश्चितीचे साधन

वरील विवेचनाचा उपयोग दिनांक नसलेल्या कागदाचा काळ ठरविण्यासाठी कसा होऊ शकतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, टेंभी नाक्यावरील एखाद्या कापडदुकानाचे कोरे लेटरहेड हाती आले. त्यावर तारेचा पत्ता आहे, 'ठाणे ४०० ६०१' असे छापले आहे, मुंबई विक्रीकराचा नोंदणी क्रमांक आहे आणि दिनांकाच्या जागी '१९' हे दोन आकडे आधीच छापलेले आहेत. पिनकोडमुळे हा कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा ठरतो. छापील '१९' मुळे तो विसावे शतक संपण्यापूर्वीचा ठरतो. स्थिर दूरध्वनीचा क्रमांक दिलेला असल्यास त्याच्या आकड्यांवरून हा कालखंड आणखी आखडता येतो, कारण मुंबई-ठाणे परिसरातील क्रमांक वाढत जाऊन एकविसाव्या शतकाच्या आरंभी सातांचे आठ आकडी झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या खुणा कागद छापल्याचा काळ सांगतात, वापरल्याचा नव्हे. पाचशे-हजार प्रती एकदम छापून घेणारा दुकानदार शिल्लक कागद फेकून देत नाही. छापील '१९' वर काट मारून हाताने '२०' लिहिलेले, जुन्या क्रमांकावर रबरी शिक्क्याने नवा क्रमांक उमटविलेले कागद म्हणूनच अधिक बोलके असतात. त्यांत छपाईचा काळ व वापराचा काळ असे दोन थर एकत्र मिळतात. काटकसर हाही व्यापाराच्या इतिहासाचाच भाग होय.

८. जतनाचा प्रश्न

हे साधन झपाट्याने नष्ट होत आहे. शासकीय अभिलेखांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. खासगी दुकानाच्या कागदांना असे संरक्षण नाही. उलट करकायदा कागद किती काळ ठेवावेत, एवढेच सांगतो. वस्तू व सेवा कराच्या हिशेबवह्या व कागदपत्रे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. कायद्याने ठरविलेली ही किमान मुदत व्यवहारात रद्दीची तारीख बनते. जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीच्या वेळी पोटमाळ्यावरील गठ्ठे प्रथम निघतात, ते बहुधा रद्दीवाल्याकडेच.

संगणकामुळे हा प्रश्न सुटला, असे मानणे चुकीचे ठरेल. १९९० च्या दशकात डीटीपीच्या दुकानांतून तयार झालेली मराठी लेटरहेड त्या त्या कंपनीच्या टंकाच्या खास संकेतनात साठविलेली होती. तो टंक आणि ती संगणकप्रणाली हाताशी नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. शंभर वर्षांपूर्वीचा मोडी कागद मोडी जाणणारा आजही वाचू शकतो. तीस वर्षांपूर्वीची फाइल मात्र उघडेलच असे नाही. त्या दशकाचे लेटरहेड टिकले असेल, तर ते मुख्यतः छापील प्रतीच्या रूपानेच.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील महाविद्यालयांचे इतिहास, वाणिज्य व मराठी विभाग आणि शहरातील ग्रंथालये यांनी प्रत्येक जुन्या पेढीकडून दर दशकाचे एक कोरे लेटरहेड व एक कोरे बिल मागून घेतले, तरी अल्पावधीत मौलिक संग्रह उभा राहू शकेल. कोरा कागद मागितल्याने व्यवहाराची गुप्तता भंग पावत नाही आणि व्यापाऱ्याचा संकोचही दूर होतो. अशा प्रत्येक कागदाबरोबर तो कोठे छापला, नाव कोणी रेखाटले आणि दुकान त्या वेळी नेमके कोठे होते, एवढ्या तीन गोष्टी नोंदविल्या जाव्यात. ट्रेडल चालविलेले व खिळे जुळविलेले कारागीर हयात आहेत, तोवरच यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळू शकतील.

निष्कर्ष

(१) छापील लेटरहेड ही परकीय वस्तू असली, तरी माथ्यावरील 'श्री', ओळख पटविणारी खूण आणि शेवट बांधणारा शिक्का या मराठी पत्रपरंपरेतील घटकांनी त्यात नवे रूप धारण केले.

(२) लेटरहेडच्या मांडणीत देवता, पेढीचे नाव, पत्ता आणि क्रमांक हे घटक एकामागून एक दाखल झाले. नव्याने जुन्याला हुसकावून लावले नाही. जुना घटक आकाराने लहान झाला, एवढेच. त्यामुळे एकाच कागदावर अनेक काळांचे थर वाचता येतात.

(३) इंग्रजीच्या प्राबल्यामागे प्रतिष्ठेइतकेच खिळ्यांचे अर्थकारण व कचेऱ्यांची मागणी ही कारणे होती. त्यांपैकी पहिले अर्थकारण संपले असून लिपीचा निर्णय आता व्यापाऱ्याच्या हाती आहे.

(४) पिनकोड, संकेतांक, करनोंदणी क्रमांक व छापील शतकांक यांच्या साहाय्याने दिनांक नसलेल्या कागदाचा काळ पुष्कळ अंशी निश्चित करता येतो.

(५) नाक्यावरचे दुकान बंद होते, इमारत बदलते, तार थांबते. त्या दुकानाने आपली ओळख जगाला कशी करून दिली, याचा त्याच्या स्वतःच्या शब्दांतील पुरावा लेटरहेडवर राहतो. तो रद्दीत जाण्यापूर्वी गोळा करणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे कार्य आहे.